नुसतं वाचायचं, हात लावायचा नाही : टर्मिनलवरचा ‘लेस’

मागच्या भागात आपण टर्मिनलची काळी खिडकी उघडली, आपण कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहोत ते पाहायला शिकलो आणि एका फाइलची प्रत काढली. आज एकच काम करायचं आहे. मजकुराची फाइल वाचायची, आणि वाचताना तिच्यातलं एक अक्षरही हलू द्यायचं नाही. त्यासाठी ‘लेस’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आहे. नाव रोमन लिपीत एल-ई-एस-एस असं टाइप करायचं.

इथे चंडीगडला सकाळी फिरायला येणाऱ्या एका शेजाऱ्यांनी मला विचारलं, “कर्नलसाहेब, फाइल तर डबल क्लिक केली की उघडते. वाचायला वेगळं काय शिकायचं?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर म्हणून माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो.

एक फाइल आणि माझी घाई

२०२१ च्या उन्हाळ्यात आमचा एक कोर्समेट गेला. ते दिवस कसे होते ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यावर जास्त बोलत नाही. काही महिन्यांनी पुण्याहून वहिनींचा फोन आला. “भावजी, हे तुमच्या ग्रुपवर पॉलिसीबद्दल काहीतरी लिहायचे ना? एक पॉलिसी सापडतच नाहीये. कागद कुठे ठेवलेत ते मला कधी सांगितलं नाही, पण तुम्हाला सगळ्यांना नक्की सांगितलं असेल.”

त्याचा फोन कुलूपबंद होता आणि कोड कुणालाच माहीत नव्हता. मी स्वतः मधल्या काळात फोन बदलला होता आणि जुनं बोलणं नव्या फोनवर आलं नव्हतं. एक गोष्ट मात्र मी केली होती. फोन बदलण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपमधल्या ‘एक्सपोर्ट चॅट’ या सोयीने सगळं बोलणं एका टेक्स्ट फाइलमध्ये काढून स्वतःलाच ईमेल केलं होतं. सहा वर्षांचं बोलणं, एकच फाइल.

मी ती उतरवून घेतली आणि डबल क्लिक केलं. वर्ड प्रोसेसर उघडला, बराच वेळ नुसता फिरत राहिला, मग त्याने मजकुराच्या सांकेतिक पद्धतीबद्दल काहीतरी विचारलं. मी यादीतला पहिला पर्याय निवडला. पडद्यावर कचरा दिसला. वैतागून बंद करायला गेलो, तेव्हा बदल जतन करू का, असं विचारलं. मी ‘हो’ म्हटलं. पुन्हा उघडली तेव्हा इंग्रजी शब्द जागेवर होते आणि मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा होत्या.

नशीब एवढंच की ईमेलमधली मूळ फाइल तशीच होती. ती नसती, तर वहिनींना सांगायला माझ्याकडे काही उरलं नसतं.

नेमकं काय बिघडलं होतं

हे समजून घेणं सोपं आहे, आणि मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावं.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिला आहे. देवनागरीसाठी एका सलग पट्ट्यात १२८ जागा ठेवल्या आहेत. हे क्रमांक फाइलमध्ये लिहायची जी पद्धत आज सगळीकडे चालते तिला यूटीएफ-८ म्हणतात. तिच्यात साधं इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘चंडीगड’ या शब्दात च, अनुस्वार, ड, दीर्घ वेलांटी, ग आणि ड अशी सहा चिन्हं आहेत, म्हणून तो १८ बाइटचा. हेच नाव इंग्रजीत लिहिलं तर दहा अक्षरं, दहा बाइट.

आता कल्पना करा, ही फाइल कुणीतरी जुन्या, एका अक्षराला एकच बाइट देणाऱ्या पद्धतीने जतन केली. त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नाही. मग प्रोग्रॅम ‘हे मला लिहिता येत नाही’ अशी खूण म्हणून प्रश्नचिन्ह टाकतो. ‘क’ च्या जागी प्रश्नचिन्ह, ‘ळ’ च्या जागीही प्रश्नचिन्ह. सगळ्यांची खूण एकच, म्हणून त्या चिन्हावरून मूळ अक्षर कधीच परत काढता येत नाही.

पडद्यावर कचरा दिसला म्हणजे फाइल बिघडली असं नसतं. तो बहुतेक वेळा वाचणाऱ्या प्रोग्रॅमचा गैरसमज असतो. कचरा दिसत असताना जतन करणं, ही खरी चूक. फौजेत निरीक्षण चौकीवरच्या माणसाला दुर्बीण देतात आणि बजावतात, तुझं काम पाहायचं आणि कळवायचं. ‘लेस’ ही तशी दुर्बीण आहे. तो फाइल दाखवतो, तिच्यात काही लिहीत नाही. म्हणून बंद करताना ‘जतन करू का’ असं विचारतही नाही.

नावाची गंमत

१९७८ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डॅनियल हॅल्बर्ट यांनी ‘मोअर’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. लांब मजकूर पडद्यावरून सुसाट पळून जाऊ नये, एक पान दाखवून थांबावं आणि तळाशी ‘अजून आहे’ असं सांगावं, एवढंच त्याचं काम. अडचण अशी की तेव्हाच्या ‘मोअर’मध्ये पुढे जाता यायचं, मागे येता यायचं नाही. ती उणीव भरून काढायला मार्क न्यूडेलमन यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘लेस’ लिहिला. ‘थोडं म्हणजेच जास्त’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारावरून हे नाव आलं. ‘मोअर’ म्हणजे जास्त, आणि त्याच्याहून जास्त काम करणारा ‘लेस’.

दुसरी सोय म्हणजे वेग. ‘लेस’ फाइल दाखवायला लागण्याआधी ती अख्खी वाचत बसत नाही. लागेल तेवढा भाग वाचतो. वर्ड प्रोसेसर पानं पाडतो, फॉन्ट लावतो, शुद्धलेखन तपासतो, म्हणून मोठ्या फाइलसमोर तो धापा टाकतो.

आता हात चालवा

लिनक्स आणि मॅक, दोन्हींवर ‘लेस’ सहसा आधीपासून असतो. विंडोजवर ‘विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स’ बसवलं असेल तर तिथे मिळतो. ते नसेल तर विंडोजच्या स्वतःच्या कमांड खिडकीत निदान ‘मोअर’ असतो.

फाइल असलेल्या फोल्डरमध्ये जा. ‘लेस’ टाइप करा, एक जागा सोडा, फाइलचं नाव लिहा, एंटर दाबा. नाव लांब असेल तर पहिली दोन-चार अक्षरं लिहून टॅब दाबा, उरलेलं नाव टर्मिनल स्वतः पुरं करतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या फाइलच्या नावात मोकळ्या जागा असतात, त्यामुळे टॅब वापरणंच शहाणपणाचं.

पहिलं पान दिसेल. आता या कळा लक्षात ठेवा. आज्ञा आणि कळा रोमन अक्षरांतच दाबायच्या आहेत, इथे मी त्या ऐकू येतात तशा लिहिल्या आहेत.

स्पेस : एक पान पुढे.
बी : एक पान मागे.
वर-खालचे बाण : एकेक ओळ.
लहान जी : फाइलच्या सुरुवातीला.
मोठा जी, म्हणजे शिफ्टसह जी : फाइलच्या शेवटी.
एच : मदतीचं पान.
क्यू : बाहेर.

क्यू सगळ्यात आधी पाठ करा. खोलीत शिरण्याआधी दार कुठे आहे ते पाहून ठेवायची सवय चांगली.

मराठी मंडळींची एक नेहमीची अडचण इथेच येते. कीबोर्ड मराठीवर ठेवलेला असतो, आपण क्यू दाबतो आणि काहीच होत नाही. प्रोग्रॅम अडकलेला नसतो, त्याला क्यूच्या जागी देवनागरी चिन्ह पोचलेलं असतं. कीबोर्ड इंग्रजीवर आणा, क्यू दाबा, सुटका.

पत्ता सांगून पोचणं

आमच्या चंडीगडात रस्त्यांची नावं पाठ करावी लागत नाहीत. सेक्टर आणि घर क्रमांक सांगा, रिक्षावाला पोचवतो. ‘लेस’मध्येही तशी सोय आहे. हायफन आणि मोठा एन टाइप करून एंटर दाबा, प्रत्येक ओळीपुढे क्रमांक येतो. मग ४५० टाइप करून लहान जी दाबलं की थेट साडेचारशेव्या ओळीवर. आकडेही इंग्रजीच दाबायचे.

ओळ माहीत नसेल तर टक्केवारीने जा. ५० आणि मग पी दाबलं की फाइलच्या मध्यावर. गप्पांची फाइल तारखेच्या क्रमाने असते, त्यामुळे ही युक्ती फार कामाची. मध्यावर गेलो, २०१८ दिसलं. मला २०१९ हवं होतं. ७५ आणि पी, आलं २०२०. मग ६०. तीन उड्यांत मी हव्या त्या वर्षात पोचलो.

पुन्हा यायची जागा सापडली तर तिथे खूण करा. एम दाबा आणि मग कुठलंही एक अक्षर, समजा ए. नंतर कुठूनही एकेरी अवतरणचिन्ह आणि ए दाबलं की त्याच जागी परत.

शोध

खरं काम इथे आहे. तिरपी रेघ, म्हणजे प्रश्नचिन्हाच्या कळेवरची शिफ्टशिवायची खूण, दाबा. तळाशी ती दिसेल. शब्द लिहा, एंटर दाबा. पुढचा सापड पाहायला लहान एन, मागचा पाहायला मोठा एन. मागच्या दिशेने शोधायचं असेल तर तिरप्या रेघेऐवजी प्रश्नचिन्ह.

मी ‘विमा’ शोधलं. एकही ओळ नाही. क्षणभर वाटलं, वहिनींची आठवण चुकली असेल. मग लक्षात आलं की शोधणारा यंत्रासारखा शोधतो आणि लिहिणारा माणसासारखा लिहितो. आपण एकच गोष्ट किती तऱ्हांनी लिहितो पाहा. विमा, पॉलिसी, रोमन लिपीत पॉलिसी. पेन्शन आणि पेंशन हे आपल्याला एकच, संगणकाला दोन वेगळे शब्द.

यावर तीन उपाय.

पहिला उपाय : पर्याय एकत्र शोधा. शब्दांच्या मध्ये उभी रेघ टाकली की ‘हा किंवा तो’ असा अर्थ होतो. विमा, उभी रेघ, पॉलिसी, उभी रेघ, रोमन लिपीतला पॉलिसी, असं मी एका दमात शोधलं.

दुसरा उपाय : हायफन आणि लहान आय टाइप करून एंटर दाबा. मग रोमन अक्षरं लहान की मोठी, हा भेद शोधात राहत नाही. आपण शोधताना सगळी लहान अक्षरं वापरायची एवढं पथ्य.

तिसरा उपाय मराठीसाठी खास आहे. खात्रीचा, लहानात लहान तुकडा शोधा. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे लिहिला जातो. काही कीबोर्ड त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह वापरतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखेच, फाइलमध्ये वेगळे. म्हणून ‘दुसऱ्या’ शोधण्याऐवजी ‘दुस’ एवढंच शोधावं. चार जास्तीचे सापड येतील, पण हवा तो निसटणार नाही.

टर्मिनलमध्ये मराठी टाइप होत नसेल, तर शब्द दुसरीकडे लिहून इथे चिकटवा. आणि जोडाक्षरं फुटलेली किंवा वेलांटी सरकलेली दिसली तर घाबरू नका. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन देतो, आपली लिपी त्यात नीट बसत नाही. दिसण्यात फरक पडतो, फाइलमध्ये नाही.

चाळणी, आणि तिचा धोका

उभी रेघ वापरल्यावर सापड खूप आले. साठीकडे झुकलेल्या माणसांचा ग्रुप, पॉलिसीवर बोलणार नाहीत तर कशावर? मला फक्त त्याचे निरोप हवे होते.

त्यासाठी ‘आणि’ची इंग्रजी खूण, म्हणजे शिफ्ट आणि ७, दाबायची आणि त्याचं नाव लिहून एंटर. आता फक्त ते नाव असलेल्या ओळी दिसतात, बाकीच्या लपतात. त्या चाळलेल्या ओळींमध्येही तिरप्या रेघेने शोधता येतं. पुन्हा तीच खूण दाबून काही न लिहिता एंटर दिला की सगळ्या ओळी परत.

चाळून पाहिल्यावर मला त्याचा २०१९ मधला निरोप सापडला. पॉलिसीचं काम एकदाचं झालं, कागद जपून ठेवलेत, एवढंच त्यात होतं. कुठे ठेवलेत ते नव्हतं. मी फोन उचलून वहिनींना तसं सांगणार होतो.

मग विचार केला. व्हॉट्सअ‍ॅपच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि नाव हे निरोपाच्या फक्त पहिल्या ओळीला असतं. लिहिणाऱ्याने मध्ये एंटर मारून नवी ओळ सुरू केली असेल, तर त्या दुसऱ्या ओळीवर नाव नसतं. चाळणी ओळ पाहते, निरोप पाहत नाही. म्हणून ती दुसरी ओळ चाळणीत अडकून राहते.

मी तारीख आणि वेळ कागदावर लिहून घेतली, चाळणी काढली आणि त्या जागी गेलो. खाली दुसरी ओळ होती. काळ्या ट्रंकेत, जुन्या नकाशांच्या खाली.

ती ट्रंक आम्हा सगळ्यांकडे असते. पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा आणि नंबर रंगवलेली. पुण्यातल्या घरात ती माळ्यावर होती, आणि तिच्यात जुने कागदच असणार म्हणून कुणी उघडली नव्हती. दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. कागद मिळाले होते.

तेव्हा हा नियम लिहून ठेवा. चाळणी शोधायला वापरा, वाचताना काढून टाका. सापडलेल्या ओळीच्या वरच्या आणि खालच्या चार ओळी वाचल्याशिवाय काही ठरवू नका.

उघडताना काही वेगळंच दिसलं तर

‘ही बायनरी फाइल असू शकते, तरी पाहायची का?’ अशा अर्थाचा इंग्रजी प्रश्न आला, तर ती फाइल फोटो किंवा पीडीएफ असेल. एखादी मजकुराची फाइल यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीत जतन झाली असेल, तरीही असं होतं. तिची प्रत काढून ‘आयकॉन्व्ह’ या प्रोग्रॅमने यूटीएफ-८ करता येते. ते पुढे कधीतरी पाहू.

देवनागरीऐवजी कोनाच्या कंसांत आकडे-अक्षरांच्या जोड्या दिसल्या, तर ‘लेस’ला यूटीएफ-८ वाचायला कुणी सांगितलेलं नाही. टर्मिनलच्या भाषेच्या सेटिंगमध्ये यूटीएफ-८ निवडा आणि फाइल पुन्हा उघडा.

अर्थ नसलेली इंग्रजी अक्षरं सलग दिसली, तर ती जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल असण्याचा संभव मोठा. युनिकोड सर्रास होण्याआधी आपल्याकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले फॉन्ट वापरत. फाइलमध्ये इंग्रजीच अक्षरं असतात, फॉन्ट गेला की मराठी गेली. अशा फाइलला फॉन्ट परिवर्तकातून काढावं लागतं. मंडळांच्या जुन्या स्मरणिका, हस्तलिखितांच्या टाइप केलेल्या प्रती बऱ्याच घरांत अशा पडून आहेत. त्या टाकू नका.

एक सावधगिरी मात्र बाळगा. ‘लेस’मध्ये व्ही ही कळ दाबली तर तीच फाइल संपादकात उघडते, आणि तिथे बदल होऊ शकतो. आपल्याला ती कळ नको. आणि मागच्या भागातला धडा आहेच. एकुलत्या एका फाइलवर काम करायचं नाही, आधी प्रत काढायची आणि प्रतच वाचायची.

सराव

आज रात्री तुमच्या एखाद्या कुटुंबाच्या ग्रुपचं बोलणं एक्सपोर्ट करा, प्रत काढा आणि ‘लेस’मध्ये उघडा. शेवटी जा, सुरुवातीला या, मध्यावर उडी मारा. एखादा शब्द दोन तऱ्हांनी शोधा. एका नावाने चाळा, चाळणी काढा. क्यू दाबून बाहेर या. पंधरा मिनिटांचं काम आहे.

ही मेहनत दुसरीकडेही कामी येते. लिनक्सवर कुठल्याही आज्ञेचं माहितीपान ‘मॅन’ने उघडलं की बहुधा ते ‘लेस’मध्येच दिसतं. म्हणजे याच कळा तिथेही चालतात.

त्या दिवशी काम झाल्यावर मी फाइल लगेच बंद केली नाही. त्याच्या नावाची चाळणी पुन्हा लावली आणि सुरुवातीपासून वाचत गेलो. निम्मे निरोप जेवणाबद्दल होते. शेवटच्या ओळीवर आल्यावर चाळणी काढली, तिच्या खालचं सगळं वाचलं आणि क्यू दाबलं. फाइल होती तशीच राहिली.

पुढच्या भागात मोठ्या फाइलमधून हव्या तेवढ्याच ओळी वेगळ्या काढून नव्या फाइलमध्ये ठेवायला शिकू. तोपर्यंत सराव करा. जय हिंद.